इंटरवलला उठणारे अण्णा

भिंतीपलीकडे एक माणूस घसा ताणून "सूड घेऊ नकोस, सूड घेऊ नकोस" असं ओरडत होता, आणि मी त्याला भरली वांगी नेऊन दिली.

अलंकारिक नव्हेत, खरोखरची वांगी. काटेरी देठाची, गोडा मसाला ठासून भरलेली, स्टीलच्या डब्यात. माणूस तमिळमध्ये ओरडत होता. दर शनिवारी सकाळी गॅलरीत उभा राहून फोनवर म्हणे, "तंबी, पळी वांगादे. तंबी, पळी वांगादे." आता नाशकात जन्म काढलेल्या बाईच्या कानाला यात दुसरं काय ऐकू येणार? तंबी म्हणजे तंबी, दम भरणं. आणि पुढे, पळीभर वांगं दे. मी असा अर्थ लावला की हा गृहस्थ दर आठवड्याला गावाकडच्या बायकोला दम भरून वांगं मागतो. त्या न पाहिलेल्या बाईची मला दया आली. कतारमधल्या गॅलरीत उभं राहून तिकडच्या बायकोकडून पळीभर वांगं कसं मिळेल, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर ती मी नसते.

हा माझा लहान मूर्खपणा. मोठा पुढे येतोय. तेव्हा मी लहान होते म्हणा, सत्तरीसुद्धा गाठली नव्हती. त्या वयात माणसाला वाटतं की आपल्याला सगळं कळतं.

मुलगा इथे गॅसच्या प्रकल्पात इंजिनियर. यजमान गेल्यावर त्यानं मला नाशकातून उचलून कतारच्या अल वक्रा गावातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मेट्रोचं शेवटचं स्टेशन, आणि भिंतीपलीकडे अण्णा. अख्खी इमारत त्यांना अण्णाच म्हणायची. माझी मात्र पंचाईत. माझ्या माहेरी अण्णा म्हणजे माझे वडील, ज्यांच्यासमोर आम्ही चौघी बहिणी कधी पाय पसरून बसलो नाही. पहिले काही दिवस मी लिफ्टमध्ये "अण्णा, नमस्कार" म्हटलं की आपोआप पदर सारखा करायची.

हे अण्णा माझ्याहून पुष्कळ लहान. उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि शर्ट इतका कडक इस्त्रीचा की त्यांच्याआधी शर्टच दारातून बाहेर यायचा. एकटे राहायचे. दोह्यातल्या मुशैरिब भागात एका ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे काय करता, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी लिफ्टचं दार पायानं अडवून मला समजावलं. इमारतीचा नकाशा येतो. मग इंजिनियरचं मन बदलतं. मग नवा नकाशा येतो. अण्णा जुन्या नकाशावर शिक्का मारतात, 'सुपरसीडेड'. म्हणजे तो बाद.

"पुराना ड्रॉइंग से कोई घर बनाएगा तो घर गिरेगा, अम्मा. इसलिए हम बैठा है."

त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक वस्तूला रेव्हिजन नंबर होता. माझी आमटी चाखून म्हणायचे, "ये रेव्हिजन टू है. लास्ट वीक वाला अच्छा था. उसको सुपरसीड मत करो." खालचा पहारेकरी, इथे त्याला नातूर म्हणतात, त्याचं नि माझं एकदा कचऱ्याच्या पिशवीवरून वाजलं. आठवडाभर आम्ही तोंड फिरवून जात होतो. अण्णांनी दोघांना लिफ्टसमोर उभं केलं आणि हवेत शिक्का मारला. "सुपरसीडेड. खलास." नातूर हसला, मग मलाही हसावं लागलं.

वांग्यांचा डबा घेऊन गेले त्या शनिवारी त्यांनी दार उघडलं तेव्हा फोन कानालाच होता आणि डोळे लाल होते. मी म्हटलं, कांदा चिरत असतील. डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तर मानेवर, कानामागे लालबुंद गांधी.

"अण्णा, ये क्या हो गया?"

"बैंगन का एलर्जी है, अम्मा. छोटा था तब से."

"मग खाल्लं कशाला? मतलब, खाया कायको?"

"आप लाया. वापस कैसे देगा."

हे असं त्यांचं. डबा धुऊन परत आला, आत मुरुक्कू, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्या, भरून.

माझी सून एका कंपनीत हिशेब बघते. तिनं तिच्या तमिळ मैत्रिणीला ही वांग्यांची हकिगत सांगितली. ती बाई म्हणे डेस्कवर डोकं ठेवून हसली. संध्याकाळी सून घरी आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "आई, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आणि पळी वांगादे म्हणजे सूड घेऊ नकोस."

मी हबकले. हातातलं लाटणं पोळीवरच थांबलं. पलीकडे एक माणूस दर शनिवारी आपल्या धाकट्या भावाला सूड घेऊ नकोस म्हणून विनवतोय आणि मी इकडे कान लावून मसाला भाजतेय. सून म्हणाली, "तुम्ही आता त्यांच्या भानगडीत पडू नका हं, आई." हे वाक्य मला लग्नाआधीपासून लोक सांगत आलेत. त्याचा उपयोग झाल्याचं आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी अण्णांना सरळ विचारलं.

अण्णा हसले. "अय्यो, वो तो पिक्चर का स्टोरी है. तंबी को हर हफ्ता एक पिक्चर बोलता है. उधर थिएटर नहीं है."

"मग एवढं ओरडता का?"

त्याचंही उत्तर होतं. भावाच्या फोनवरून परदेशात फोन लागत नसे. म्हणून भाऊ गावातल्या आत्याला लावायचा, अण्णा तिच्या दुसऱ्या फोनवर लावायचे, आणि आत्या दोन्ही फोन एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून धरून बसायची. तिला ते अत्तै म्हणत. आत्याला अत्तै म्हणतात हे कळल्यावर मला वाटलं, झालं, आता तमिळ कितीसं लांब राहिलं.

अण्णांचं सिनेमाचं वेड मात्र मी आधीच हेरलं होतं. शुक्रवार उजाडला की अंघोळ, भस्म, पांढरा शर्ट आणि मेट्रो. दोह्याच्या मॉलमध्ये तमिळ पिक्चर. तोही एकाच जातीचा: दोन भाऊ, एक बंदर नाहीतर एक बाजार, टोळ्या, तस्करी, कोयते, आणि पांढऱ्या लुंगीतला एक खलनायक ज्याला सगळं गाव घाबरतं. दुसरा कुठलाही पिक्चर आला तर अण्णा म्हणायचे, "उसमें भाई नहीं है, क्या देखेगा."

पण ते परत यायचे फार लवकर. मी गॅलरीतून बघायची. जाऊन मुळी दीड-दोन तास झालेले असायचे आणि हे आपले स्टेशनवरून चालत येतायत, चेहऱ्यावर लग्नात जेवून आल्यासारखं समाधान.

"अण्णा, पिक्चर खतम? इतना जल्दी?"

"इंटरवल हो गया, अम्मा."

"आणि पुढचा?"

"आगे क्या है. हम आ गया."

मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. त्या माणसानं आयुष्यात एकही पिक्चर इंटरवलच्या पुढे पाहिलेला नव्हता. तिकीट कडेच्या खुर्चीचं काढायचे, उठताना कुणाच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून. क्रिकेटचीसुद्धा पहिलीच इनिंग बघायचे. कोण जिंकलं, हे सांगायला गेलं की कानावर हात.

"फर्स्ट हाफ में भाई लोग साथ में रहता है, अम्मा. एक प्लेट में खाता है, एक बाइक पे तीन लोग बैठता है, गाना गाता है. सेकंड हाफ में डायरेक्टर पागल हो जाता है. एक भाई को मार डालता है. किसने बोला मारने को?"

याला मूळ होतं. त्यांचे वडील गावोगावच्या तंबूतल्या सिनेमात मशीन चालवायचे. दोघा पोरांना मशीनशेजारी बसवायचे, आणि इंटरवल झाला की, चला घरी, उद्या शाळा. मग वाटेवर धाकटा रडायचा, पुढे काय झालं, पुढे काय झालं. अण्णा उत्तरार्ध बनवून सांगायचे. आता दर शनिवारी गॅलरीतून तेच चालू होतं. पूर्वार्ध दिग्दर्शकाचा, उत्तरार्ध अण्णांचा. त्याला ते रेव्हिजन वन म्हणायचे.

त्यातली काही रेव्हिजनं त्यांनी मलाही ऐकवली. एकात खलनायकाला मधुमेह निघतो. डॉक्टर रोज चालायला सांगतात. चालता चालता त्याला दोघं भाऊ भेटतात, ज्यांना मारायला त्याने माणसं पाठवलेली असतात. तिघं मिळून फिरतात, आणि शेवटी बिनसाखरेची कॉफी. दुसऱ्यात अख्खी टोळी कोयते मोडीत घालते आणि त्या लोखंडाचा इडलीपात्रांचा कारखाना काढते. मी पदर तोंडाला लावून हसले. अण्णा नाही हसले.

"तंबी को ये वाला बहुत पसंद आया," एवढंच म्हणाले.

आता माझा मोठा मूर्खपणा.

त्या हिवाळ्यात एक भला थोरला तमिळ पिक्चर आला. दोन भाऊ, बंदर, टोळ्या, सगळं भरपूर. अण्णा आठवडाभर आधीपासून गुणगुणत होते. आणि माझ्या डोक्यात किडा आला. बिचाऱ्यानं जन्मात उत्तरार्ध पाहिला नाही, आपण जाऊन बघावा आणि त्याला सांगावा. खाऊ दिल्यासारखा. शिवाय मला आता तमिळ येत होतं. तंबी, अण्णा आणि अत्तै, हे तीन शब्द म्हणजे तमिळच नव्हे तर काय?

घरात सांगितलं असतं तर कुणीतरी सोबत आलं असतं. म्हणून नाही सांगितलं. सून-मुलगा खरेदीला गेले, मी मेट्रोत बसले. मेट्रोत मला खिडकीशी बसून फुकटच्या राणीसारखं वाटतं. मॉलमध्ये तिकीट काढलं, पॉपकॉर्नचा बादलीएवढा पुडा घेतला, अंधारात जाऊन बसले आणि पर्समधून चष्मा काढला. चष्मा जवळचा होता. पोथी वाचायचा. लांबचा घरी टीव्हीवर राहिला होता.

पडद्यावर खाली इंग्रजीत ओळी येत होत्या, असं वाटतं. मला त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसल्या. माणसंही तशीच. सगळे दाढीवाले, सगळे पांढऱ्या शर्टात, त्यात कोण थोरला नि कोण धाकटा. म्हटलं, काही बिघडत नाही, कान आहेत ना. थोरल्याला अण्णा म्हणतात, धाकट्याला तंबी. तेवढं धरून चालायचं. पोरं शिट्ट्या मारत होती, कुणीतरी कागदाचे कपटे उडवले. पुढे चार रांगा सोडून कडेच्या खुर्चीवर आमचे अण्णा ताठ बसलेले मला अंधुक दिसत होते. पडद्यावर भाऊ जेवले, नाचले, एका बाइकवर बसले. मग इंटरवलची पाटी आली. अण्णा उठले. मी पुड्यामागे तोंड लपवलं. शेजारून गेले तेव्हा ते गालात हसत होते.

उत्तरार्धात रक्ताचा पूर आला. किती माणसं कापली, मी मोजायचं सोडून दिलं. मला भाजी चिरताना बोट कापलं तर चक्कर येते आणि इथे मी पॉपकॉर्न घशात अडकवून बसलेले. मग एक मोठं फाटक आलं, तुरुंगाचं. फाटकाशी पांढऱ्या शर्टातला एक कोवळा पोरगा एकटाच उभा. वाट बघतोय. थोरला काही येत नाही. आणि मग चारी बाजूंनी मारेकरी आले. शेवटी थोरला धावत आला, तेव्हा उशीर झालेला. पोराचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं जो टाहो फोडला, "तंबी, तंबी", त्यानं अख्खं थिएटर गप्प झालं. मला काही पुढचं बघवेना. मी रडत रडत उठले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की पॉपकॉर्नचा पुडा अजून उराशी धरलाय.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अण्णा लिफ्टजवळ भेटले, हातात दुधाची पिशवी. मी त्यांना थांबवलं. काय माझा तो उत्साह. साभिनय सांगितलं मी. हात करून फाटक दाखवलं. माझ्या त्या अगाध हिंदीत म्हटलं, "तंबी जेल से बाहर आता है. गेट पे खडा रहता है. अकेला. भाई का राह देखता है. भाई आताच नहीं. और फिर वो लोग आता है, और काट डालता है."

मला वाटलं होतं, ते कानावर हात ठेवतील, मग मी चिडवीन. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत. दुधाची पिशवी खाली सुटली, पण फुटली नाही. ती उचलायला म्हणून वाकले आणि स्वतःच्या दारासमोरच्या पायपुसण्यावर बसले. त्या इस्त्रीच्या शर्टात.

"गेट पे?" म्हणाले. "अकेला?"

"हो. अकेला."

आतून फोन वाजायला लागला. अण्णांचा आला नाही म्हणून आत्याच लावत असणार, शनिवारची वेळ होती. वाजून थांबला. पुन्हा वाजला. अण्णा बसूनच. मी म्हटलं, अण्णा, फोन. त्यांनी ऐकलं नाही.

"अम्मा, मेरा तंबी जेल में है."

 उधर थिएटर नहीं है. त्याच्या फोनवरून परदेशात लागत नाही. सगळं माझ्यासमोर सांगितलेलं होतं आणि मी वांगी भरत बसले होते.

त्यांनी मग थोडक्यात सांगितलं, ऑफिसचा निरोप द्यावा तसं. त्यांच्या गावात एक दादा होता, बाजार त्याच्या हाताखाली. एकदा त्यानं भर बाजारात, सगळ्यांसमोर, अण्णांच्या कानफटात मारली. कारण काहीच नाही, सायकल आडवी आली म्हणून.

"हम घर आके खाना खाया. सो गया," अण्णा म्हणाले. "तंबी नहीं सोया."

सकाळी तो दादा जिवंत नव्हता.

अण्णा त्याच वर्षी कतारला आले. कोर्टात गेले नाहीत. तुरुंगात भेटायला गेले नाहीत. गावी गेले नाहीत. फोन तेवढा करत राहिले, शनिवारच्या शनिवार. एवढी वर्षं मी म्हणत होते की हा माणूस पिक्चरमधून इंटरवलला उठतो. पिक्चरचं सोडा. जिथून उठायला नको होतं तिथूनच उठून आलेला माणूस माझ्यासमोर पायपुसण्यावर बसला होता.

"अगला महीना छूटता है," ते म्हणाले. "अत्तै बोला, बस से आ जाएगा."

"आणि तुम्ही? आप नहीं जाएगा?"

"ऑफिस में ऑडिट है. लीव्ह नहीं मिलता."

 मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वो आदमी का दो लड़का था, अम्मा. तब छोटा छोटा था. अब बड़ा हो गया."

दुधाची पिशवी उचलून ते आत गेले. दार लागलं. मी लिफ्टसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. नातूर वर येऊन म्हणाला, मॅडम, लिफ्ट चालू है, जाइए. मी म्हटलं, मला कुठेच जायचं नाही.

घरी सगळं सांगितलं. सून म्हणाली, "आई, त्या माणसानं स्वतः होऊन कधी विचारला होता का शेवट?" नव्हता विचारला. जन्मात कुणाला विचारला नव्हता.

पुढचा शुक्रवार आला, अण्णा पिक्चरला गेले नाहीत. शनिवारी गॅलरीत आवाज नाही. मी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं चारदा गॅलरीत गेले. आमच्याकडे झाडं नाहीत, एक तुळस आहे, ती त्या दिवशी कुजायचीच बाकी राहिली. मला तो ओरडा हवा होता. पळी वांगादे. काहीच ऐकू आलं नाही. लिफ्टमध्ये भेटले तर नमस्कार करायचे, पण रेव्हिजन नंबर कशालाच नाही. मी मुद्दाम खारट आमटी पाठवली. डबा धुऊन परत आला, मुकाट.

मग एका दुपारी बेल वाजली. अण्णा दारात, हातात एक बॅग आणि कढीपत्त्याची कुंडी. कुंडी माझ्या हातात दिली.

"रोज पानी मत डालो. एक दिन छोड के."

"लीव्ह मिला?"

"नहीं मिला." मग खांदे उडवले, आणि इथले अरब 'चला' म्हणतात तसं म्हणाले, "यल्ला. नौकरी सुपरसीडेड."

 एवढ्या वर्षांची नोकरी, व्हिसा, घर, सगळं एका कानफटात मारल्यासारखं गेलं होतं, आणि मारणारी मी. तोंडाला आलं ते भलतंच.

"जाता हूँ मत बोलो," मी म्हटलं. "हमारे में निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात."

"हमारा में भी." त्या दिवसांत पहिल्यांदा ते जरासे हसले. "पोयिट्टु वरेन. जा के आता है."

आणि गेले.

त्या महिन्यात मी काय केलं ते विचारू नका. आत्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. अण्णांचा इथला फोन बंद. देवासमोर बसले की डोळ्यांपुढे फाटक यायचं आणि पांढऱ्या शर्टातला तो पोरगा. ज्या बाईला डोळ्यांसमोरची ओळ दिसत नव्हती तिच्या एका गप्पेवर एक माणूस घरदार सोडून निघून गेला होता, आणि तिकडे खरे कोयते असणार होते, सिनेमाचे नव्हेत. तो वेळेवर पोचला असेल का, ही एक भीती. आणि पोचलाच असेल, तर एकाच्या जागी दोघं, ही दुसरी. दरम्यान तो पिक्चर घरच्या टीव्हीवर आला. मुलगा म्हणाला, लावू का, बघू तरी. मी रिमोट उशीखाली घेऊन झोपले. मला पुढचं काहीही बघायचं नव्हतं. तेव्हा मला अण्णांची कडेची खुर्ची कळली.

कढीपत्त्याला नवी पालवी फुटली होती तेव्हा फोन आला. लांबलचक, अनोळखी नंबर.

"अम्मा, खाना खाया?"

 म्हटलं, हो, खाल्लं. खोटं बोलले, सकाळचे नऊ वाजले होते.

अण्णा नेहमीच्याच आवाजात सांगत होते, फक्त ओरडत नव्हते. फाटक उघडायच्या पुष्कळ आधी जाऊन उभे राहिले होते. समोर चहाची टपरी. टपरीवर दोन तरुण पोरं, मोटारसायकलला टेकून, फाटकाकडे बघत.

"वोही दोन?" माझा आवाज चिरकला.

"मालूम नहीं, अम्मा. हम पहचानता नहीं. चाय पीने आया होगा. तंबी बाहर आया, हम उसका हाथ पकड़ा. सीधा उनके सामने से गया. वो देखा, हम देखा. बस."

"आणि मग?"

"फिर गाड़ी में बैठा. अत्तै के घर गया. तंबी मोटा हो गया है. बाल भी नहीं है."

मागे कुणीतरी तमिळमध्ये काहीतरी म्हटलं, तक्रारीच्या सुरात. अण्णा हसले. मी डोळे पुसत होते, पण फोनवर ते दिसत नाही, तेवढं एक बरं. म्हटलं, अण्णा, आता परत कधी येणार. ते म्हणाले, बघू, इथे एक दुकान बघतोय, दोघांना पुरेल. मग जरा थांबले. मला वाटलं, आता आभार मानतील. मी मनातल्या मनात "अहो, त्यात काय" असं म्हणायची तयारीसुद्धा केली.

ते म्हणाले, "अम्मा, एक बात पूछना था. इधर थिएटर में वो पिक्चर अभी भी चलता है. हम दोनों गया. इंटरवल हुआ तो तंबी आदत से उठ गया, हम उसका शर्ट पकड़ के बिठाया, बोला आज पूरा देखेगा. लास्ट तक देखा. उसमें तंबी मरता ही नहीं है. गेट पे जो मरता है वो ड्राइवर है, हमारा में कोई भी छोटा लड़का को तंबी बोलता है. आप किधर देख रहा था?"